ज्याचा वधस्तंभ त्यानंच उचलायचा

लेंट, म्हणजे ईस्टरच्या आधीचा उपवासाचा काळ, लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एरवी बाळाचं नाव काय ठेवावं, मिश्र विवाह देवळात म्हणजे चर्चमध्ये लागतो का, असले प्रश्न असतात, पण या चाळीस दिवसांत लोक एकदम मुळालाच हात घालतात. यंदा तर बहुतेक पत्रं एकाच वचनाभोवती फिरतायत, बायबलमधलं लूक ९:२३, येशू म्हणतो माझ्यामागे यायचंय तर स्वतःला नाकार, रोज आपला वधस्तंभ म्हणजे क्रूस उचल आणि चल. पत्रं थोडी कापलीत, नावं गाळलीत, ओळख पटेल असं काही ठेवलं नाही. मी काही थिऑलॉजी शिकलेली पास्टर नाही, भायखळ्याच्या देवळात वाढलेली रिटायर्ड शिक्षिका आहे, तेव्हा उत्तर पटलं नाही तर तसं बिनधास्त कळवा.

ताई, सलाम. मी २६ वर्षांचा, भांडुपला राहतो, प्रायव्हेट बँकेत आहे. तरुणसंघाच्या कॅम्पला मला प्रभूनं बोलावल्याचं अगदी पक्कं जाणवलं, नोकरी सोडून फुल टाइम सेवेत जायचंय. पण पप्पांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, आई घरीच असते, आणि घराचा हप्ता माझ्या पगारातून जातो. आमचे लीडर म्हणतात लूक १४:२६ वाच, जो आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येत नाही, नांगराला हात घातलास आता मागे बघू नकोस. मला रात्र रात्र झोप नाही. काय करू?

बाळा, तुझ्या लीडरला म्हणावं २६ वं वचन वाचलंत तसं २८ वंही वाचा, पान उलटायची पण गरज नाही. बुरूज बांधायचाय तर आधी बसून खर्चाचा हिशोब कोण करत नाही, असं येशू लगेच पुढे विचारतो, नाहीतर पाया घालून काम अडकेल आणि लोक हसतील. त्याच्यापुढे राजाची गोष्ट, दहा हजार माणसं घेऊन वीस हजारवाल्याशी लढायला निघायच्या आधी तो बसतो आणि विचार करतो. म्हणजे ज्या तोंडानं येशूनं ते भयंकर वाक्य म्हटलं त्याच तोंडानं, त्याच दमात, बसून हिशोब कर असंही म्हटलंय. तू रात्री जागून जे करतोयस ना ते मागे बघणं नाही रे, हिशोबच आहे तो.

आता हे द्वेषाचं वाक्य मऊ करून सांगायचा मोह मला होतोय पण करणार नाही. मत्तय १०:३७ मध्ये हीच गोष्ट, माझ्यापेक्षा आईबापावर जास्त प्रेम करणारा मला योग्य नाही, अशी आलीय, ती ऐकायला जरा बरी वाटते एवढंच, मागणी तीच आहे. घरचे म्हणाले की खोट्या कागदावर सही कर, बहिणीचा वाटा दाबून टाक, तर तिथे घर दुसरं आणि ख्रिस्त पहिला. आपल्याकडे घरच्यांसाठी म्हणून लोक वाट्टेल ते करतात आणि वर त्यालाच त्याग म्हणतात, ती पळवाट येशूनं बंद करून टाकली.

पण आजारी बापाचा औषधाचा पैसा? त्याबद्दल तर तो वेगळं आणि स्पष्ट बोललाय, मार्क ७ काढ. तेव्हा काही लोक आपली मिळकत कुर्बान म्हणजे देवाला वाहिलेली आहे असं जाहीर करायचे आणि मग आईबापाला सांगायचे की आता तुम्हाला काही देता येत नाही, देवाचं आहे ना ते. येशू त्यांच्यावर कडाडलाय, तुमच्या रितीपायी तुम्ही देवाचं वचनच रद्द करता म्हणाला. आणि स्वतः वधस्तंभावर खिळलेला असताना त्यानं आईला शिष्याच्या हवाली केलं, योहान १९. ज्याला जगाचं तारण करायचं होतं त्याला आईची सोय लावायला वेळ होता, मग आपल्याला का नसावा.

तुझ्या लीडरना कदाचित नारायण वामन टिळक डोळ्यापुढे असतील. १० फेब्रुवारी १८९५ ला इथे मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला, सगळं गोत तुटलं, आपण त्यांची गाणी म्हणतो आणि अभिमानानं सांगतो. खरंय, मोठा माणूस. पण त्या पावलाची किंमत एकट्या टिळकांनी भरली नाही, लक्ष्मीबाईंनी भरली, लहानग्या दत्तूला घेऊन काही वर्षं नवऱ्यापासून वेगळं राहून, आणि त्यांना आधी कोणी विचारलंही नव्हतं. त्यांनी आपल्या आठवणींत ते सगळं लिहून ठेवलंय, न रडता, कधी कधी तर हसवत, पण वाचताना पोटात कालवतं. टिळकांना माझ्या मते एका गोष्टीसाठी मात्र मानायलाच हवं, त्यांनी बायकोवर बाप्तिस्म्याची जबरदस्ती केली नाही, त्या आपल्या पायांनी आल्या, १९०० साली. मी हे का सांगतेय तर येशू म्हणाला आपला वधस्तंभ उचल. आपला. बापाच्या डायलिसिसच्या खुर्चीवर नेऊन ठेव असं नाही म्हणाला.

तू उद्या राजीनामा दिलास तर त्रास कोणाला होणार हे कागदावर लिही. तुला होणार असेल, कमी पगार, भाड्याची खोली, मित्र हसणार, तर जा, खुशाल जा, घाबरू नकोस. पण त्रासाचा मोठा वाटा आईपप्पांच्या अंगावर पडणार असेल तर ते तुझं आत्मत्याग नाही, त्यांचा बळी आहे. आणि मधला रस्ताही आहे की. येशूचा प्रेषित पौल करिंथ शहरात तंबू शिवून पोट भरायचा आणि शब्बाथाला, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बोलायचा, प्रेषितांची कृत्ये १८. तू शनिवार रविवार झोपडपट्टीतल्या मुलांची शिकवणी घे, आजाऱ्यांकडे जा, पप्पांच्याच डायलिसिस सेंटरमध्ये चार तास बसून असतोस तेव्हा बाजूच्या खुर्चीवरच्या माणसाशी बोल, तिथे कोणाला घरी सोडायला माणूस नसतो, कोणाकडे रिक्षाचे पैसे नसतात. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, पप्पांचं कार्ड काढलं नसेल तर आधी ते काढ, हप्त्याचा ताण थोडा उतरेल. पुण्यातली युनियन बिब्लिकल सेमिनरी कुठे पळून चालली नाहीये. आणि लीडरना प्रेमानं विचार, मी नोकरी सोडली तर पप्पांच्या उपचाराचा खर्च मंडळी, म्हणजे आपलं चर्च, उचलणार का. हो म्हणाले तर मला पत्र लिही, मी माझा वाटा पाठवते.

माझं वय ३९, नालासोपाऱ्याला राहते. नवरा दारू पिऊन मारतो, बारा वर्षं झाली. मागच्या महिन्यात हात फ्रॅक्चर झाला. मंडळीतल्या वडीलधाऱ्यांकडे गेले तर म्हणाले की हाच तुझा वधस्तंभ आहे, सत्तर वेळा सातदा क्षमा करायला सांगितलंय, तू प्रेमानं त्याला जिंकशील. मी प्रार्थना करते पण आता मुलगीपण घाबरून असते. पोलिसात गेले तर देवाचा अपमान होईल का?

नाही होणार. हे पहिलं वाक्य दोनदा वाचा आणि मग पुढचं वाचा.

वडीलधाऱ्यांनी तुम्हाला जे सांगितलं त्यानं माझं डोकं फिरलंय पण शांतपणे लिहायचा प्रयत्न करते. वधस्तंभ म्हणजे येशूच्या मागे गेल्यामुळे, खरं बोलल्यामुळे, कोणाच्या बाजूनं उभं राहिल्यामुळे जे सोसावं लागतं ते. नवऱ्याची दारू आणि त्याचा हात हा त्याचा अपराध आहे. त्याचं पाप तुमच्या खांद्यावर ठेवून त्याला तुमचा वधस्तंभ म्हणायचा अधिकार कोणत्याही पाळकाला नाही, पंचाला नाही.

येशू स्वतः काय वागला ते बघा. प्रमुख याजकापुढे शिपायानं त्याच्या तोंडात मारली तेव्हा तो गप्प बसला नाही, माझं काही चुकलं असेल तर दाखव, नसेल तर मला का मारतोस, असं त्यानं विचारलं, योहान १८:२३. दुसरा गाल पुढे करा म्हणणारा तोच. नासरेथच्या लोकांनी त्याला कड्यावरून ढकलायला नेलं तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला, लूक ४. आणि शिष्यांना तर त्यानं सरळच सांगितलंय, एका गावात छळ केला तर दुसऱ्या गावी पळून जा, मत्तय १०:२३. त्यानं जीव दिला तो आपल्या इच्छेनं, आपल्या वेळी दिला. कोणी दारू पिऊन मागितला म्हणून नाही दिला.

सत्तर वेळा सातदा हे मत्तय १८:२२ मध्ये आहे. त्याच अध्यायात सहासात वचनं वर काय आहे? तुझ्या भावानं अपराध केला तर आधी एकट्यात त्याला सांग, नाही ऐकलं तर दोघांना घेऊन जा, तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांग, तिचंही नाही ऐकलं तर तो तुला परका. म्हणजे क्षमेच्या आधी अपराध तोंडावर सांगणं आहे, साक्षीदार आहेत, मंडळीची जबाबदारी आहे. तुम्ही मंडळीपर्यंत गेलात, तुमचं काम तुम्ही केलंत. मंडळीनं तिचं केलं नाही. खरं तर त्या वडीलधाऱ्यांनी तुमच्या नवऱ्याला बोलावून विचारायला हवं होतं की बाबा, आपल्या बायकोवर ख्रिस्तानं मंडळीवर केली तशी प्रीती कर, तिच्यासाठी जीव दे, असं इफिसकरांच्या पत्रात आहे ते तुला लागू नाही का. पण ते अवघड पडतं, तो अंगावर येईल ना, तुम्ही अंगावर येणार नाही.

क्षमा आणि तक्रार एकत्र राहू शकतात का असं तुमच्या मनात असणार. १९९९ च्या जानेवारीत ओडिशातल्या मनोहरपूरला ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि फिलिप, टिमथी ही त्यांची दोन मुलं गाडीत झोपलेली असताना जाळून मारली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्सनी मारणाऱ्यांना क्षमा केल्याचं जगासमोर सांगितलं आणि बारीपाद्याला कुष्ठरोग्यांची सेवा चालूच ठेवली. पण म्हणून खटला थांबला नाही. तो चालला, शिक्षा झाली, २०११ साली सुप्रीम कोर्टानं जन्मठेप कायम ठेवली. क्षमा ग्लॅडिसबाईंच्या मनातली, न्याय कोर्टाचा, कोणी कोणाच्या आड आलं नाही. आणि हेही सांगते, तुम्हाला आज क्षमा करायला जमत नसेल तर आज नका करू. आधी सुरक्षित व्हा. हात मोडलेला असताना कोणी तुमच्याकडे क्षमेची वसुली करायला येत असेल तर दार लावून घ्या.

आता कामाचं. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जिवावर बेतलं तर ११२. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात तुम्हाला त्याच घरात राहायचा हक्क आहे, घर तुमच्या नावावर नसलं तरी, त्यानं हात लावू नये म्हणून कोर्टाचा आदेश मिळतो, खर्चासाठी पैसे मागता येतात, आणि हे सगळं करून द्यायला संरक्षण अधिकारी नेमलेले असतात. नवऱ्याच्या छळाबद्दलचं भारतीय न्याय संहितेचं ८५ कलम वेगळं. पोलिसांची भीती वाटत असेल तर महिला व मुलांसाठीच्या स्पेशल सेलमध्ये जा, टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसनी १९८४ ला मुंबई पोलिसांबरोबर हे सुरू केलं, आता राज्यभर आहेत, तिथे शिकलेल्या समाजकार्यकर्त्या बसतात, आधी नुसतं ऐकून घेतात. फ्रॅक्चरचे हॉस्पिटलचे कागद आणि एक्स-रे जपून ठेवा, मैत्रिणीच्या घरी ठेवलेत तर बरं.

मुलगी सगळं बघतेय. प्रेम म्हणजे मार खाणं असतं हे तिनं शिकू नये एवढ्यासाठी तरी.

आमच्या वरच्या मजल्यावरच्याचं बाथरूम गळतंय, दोन पावसाळे झाले, आमच्या बेडरूमच्या छताला पोपडे आलेत. सांगितलं तर तोच ओरडतो, सेक्रेटरी त्याचा मित्र. रविवारी देवळात शत्रूवर प्रीती करा ऐकतो आणि घरी येऊन छताकडे बघितलं की तोंडातून शिव्याच येतात. मी ढोंगी आहे का? (विक्रोळी)

ढोंगी कसले, मुंबईकर आहात. आधी सोसायटीला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या, आदर्श उपविधींप्रमाणे घराच्या आतल्या संडास बाथरूमच्या गळतीचा खर्च त्या सभासदानंच करायचा असतो, नाही झालं तर पुढे सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे जायचं. शत्रूवर प्रीती म्हणजे पोपडे सहन करणं नाही.

पण मग प्रीती कुठे? मत्तय ५ मध्ये येशूनं दोन अगदी बारीक गोष्टी सांगितल्यात, त्याच्यासाठी प्रार्थना करा आणि त्याला नमस्कार करा. हो, ४७ वं वचन, फक्त आपल्याच लोकांना सलाम केलात तर त्यात विशेष काय, ते तर सगळेच करतात. तो आवडायला हवा असं कुठेच म्हटलेलं नाही, तेव्हा तो टेन्शन सोडा. लिफ्टमध्ये भेटला तर गुड मॉर्निंग म्हणा, तोंड वाकडं न करता. प्रार्थनेत त्याचं बाथरूम आणू नका, त्याची मुलं, त्याची नोकरी आणा, गळती देवाला माहितीय. त्याच्या म्हाताऱ्या वडलांना कधी रात्री हॉस्पिटलला न्यायची वेळ आली तर चप्पल घालून खाली या. आणि दुसऱ्या दिवशी अर्जाचं स्मरणपत्र द्या. दोन्ही करता येतं. रोमकरांच्या पत्रातलं शत्रूच्या डोक्यावर निखाऱ्यांची रास करण्याचं वचन काही लोक फार चवीनं सांगतात, मी त्याला इतका गोड वागेन की तो जळेल म्हणून, ते मात्र करू नका, तसलं गोड वागणं लगेच कळतं हो माणसाला.

आम्ही तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती, मूळचे नगरकडचे, आता चेंबूर. मुलीनं मंडळीतलाच मुलगा पसंत केलाय, शिकलेला, नोकरी चांगली, देवळात गिटार वाजवतो. पण त्यांचं घराणं पूर्वीचं आमच्यातलं नाही, तुम्ही समजून घ्या. आम्ही जात मानत नाही पण नातेवाईक काय म्हणतील, गावाकडे काय तोंड दाखवणार. मुलीनं आईबापासाठी एवढा त्याग करू नये का? तीच सारखी प्रीतीवर बोलते.

समजून घेतलं. आणि समजलं म्हणूनच वाईट वाटलं.

वहिनी, तुमचं पत्र मी मैत्रिणीला वाचून दाखवलं, ती म्हणाली हे उत्तर छापू नको, लोक दुखावतील. पण आपल्या मराठी ख्रिस्ती घरांत ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीच बोलत नाही, वधूवर मेळाव्यात बायोडेटावर लिहीत नाहीत पण फोनवर हळूच विचारतात, पूर्वीचे कोण, मूळ गाव कुठलं, गावात घर कुठल्या बाजूला. नगर जिल्ह्यात एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनकडे जे आले त्यात महार आणि मांग समाजातले लोक मोठ्या संख्येनं होते. कशाला आले? विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, गावच्या देवळात पाऊल ठेवू देत नव्हते, शाळेत बसू देत नव्हते. पोटासाठी आले असं बाहेरचे म्हणतात, काही आलेही असतील, उपाशी माणसानं का येऊ नये, पण कित्येकजण आले ते एका ताटात जेवायला मिळतं म्हणून. आणि ज्यांच्या पणजोबांनी एवढ्यासाठी घरदार सोडलं तीच माणसं आता आपापसात महारातले का मांगातले का वरच्यातले हे बघतात. सरकारनं १९५० च्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत धरलं नाही, त्यावर आपण सभा घेतो, धर्म बदलला तरी जात सुटत नाही हो असं तिथे माइकवर सांगतो, ते खरंच आहे, फक्त सोडत नाहीत त्यात आपणपण आहोत हे सांगत नाही.

पंडिता रमाबाईंनी १८८० साली बिपिनबिहारी दास मेधावींशी नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. चित्पावन ब्राह्मणाची मुलगी, नवरा बंगाली, ब्राह्मण नाही. जातीबाहेर, प्रांताबाहेर. आणि तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या, बाप्तिस्मा त्यानंतर, १८८३ मध्ये इंग्लंडात. म्हणजे जे एका बाईनं ख्रिस्ताकडे यायच्या आधी करून दाखवलं ते आपल्याला तिसऱ्या पिढीत जड जातंय. लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच, कडक सोवळ्यातलं घर, पण त्यांनी स्वतःशी भांडत भांडत, एकेक पायरी करत, जात टाकली. सोपं नव्हतं त्यांना. तुम्हालाही सोपं आहे असं मी म्हणणार नाही, गावाकडचे टोमणे खरे असतात, लग्नात मोठे दीर येणार नाहीत, रुसतील, वर्षानुवर्षं बोलणार नाहीत.

तर तोच तुमचा वधस्तंभ. मुलीकडे त्याग मागताय ना, त्याग करायची पाळी तुमची आहे. नातेवाईकांची नाराजी तुम्ही उचलायची. लूक १४ मधलं ते घरच्यांबद्दलचं कडक वाक्य, वरच्या भांडुपच्या मुलाला ज्याच्यानं झोप नाही, ते मला विचाराल तर तुमच्यासाठी जास्त आहे, भाऊबंदांना काय वाटेल हे ख्रिस्तापेक्षा मोठं होऊ देऊ नका. प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीला, त्या मुलाच्या आईच्या शेजारी गुडघे टेकता, त्याच प्याल्यातून घेता, आणि मग त्यांच्या घरी सून म्हणून मुलगी द्यायची म्हटलं की मूळ गाव आठवतं? हे दोन्ही एकाच रविवारी कसं जमवता ते मला खरंच कळत नाही.

मुलाला काही व्यसन असेल, स्वभाव वाईट असेल, तर जरूर अडवा, मी तुमच्या बाजूनं. नाहीतर त्याच्या आईला चहाला बोलवा. मुलीला न सांगता, तुम्ही स्वतः फोन करून.

मी ख्रिस्ती नाही, लालबागला राहते, मासिक मैत्रिणीकडे वाचते. माझ्या आईची ट्रीटमेंट परळच्या टाटा हॉस्पिटलला चालू होती तेव्हा या मैत्रिणीच्या घरच्यांनी खूप केलं, डबे, रात्री थांबणं, रक्त देणं. आता मावशी म्हणते ही लोकं असंच करतात, नंतर धर्म बदलायला सांगतील. मैत्रिणीला विचारायची लाज वाटते. खरं काय असतं?

आधी आई कशी आहे ते कळव, पत्रात लिहिलंच नाहीस.

मैत्रिणीच्या मनातलं मी सांगू शकत नाही, तिलाच विचार, खरी मैत्रीण रागावणार नाही. पण तिच्या धर्मात काय सांगितलंय ते सांगू शकते. लूक १७ मध्ये गोष्ट आहे, दहा कुष्ठरोगी येशूकडे आले, दहाही बरे झाले, आभार मानायला फक्त एक परत आला, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी लोक ज्यांना परके मानायचे त्यातला. येशूनं विचारलं बाकीचे नऊ कुठे, त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नऊ जणांचा रोग काही परत आला नाही. ते मागे आले नाहीत म्हणून बरं करणं रद्द झालं नाही. आमच्यातल्या कोणी सेवेला अट लावली, डब्याबरोबर पावती फाडली, तर तो या गोष्टीच्या विरुद्ध वागतोय, मग तो कितीही मोठा प्रचारक असू दे. पौलानं लिहिलंय ना प्रीती स्वार्थ पाहत नाही, त्यात आपली संख्या वाढवण्याचा स्वार्थही आला.

मावशींचा संशय अगदीच हवेतला आहे असं मी म्हणणार नाही, असं वागणारे असतात, आणि त्यांच्यामुळे निरपेक्ष करणाऱ्यांकडेही लोक तिरक्या नजरेनं बघतात, हे आमचं आम्हाला भोगायचंय. आणि मैत्रीण कधी येशूबद्दल बोललीच तर ते लगेच जाळं समजू नकोस, ज्याला जे प्रिय आहे त्याबद्दल माणूस बोलतोच, तू तिला लालबागच्या राजाच्या रांगेबद्दल सांगतेस की नाही? तुला नको असेल तर नको म्हण. नको म्हटल्यावरही पुढे गरज पडली तेव्हा ती आली की नाही, यावरून तुला जे कळायचं ते कळेल. माझा अंदाज, ती येईल. तुमच्याकडेही तुकोबांनी रंजल्यागांजल्याला आपलं म्हणणाऱ्याला साधू म्हटलंय, तेव्हा मावशींना सांग ओळखायची खूण दोन्हीकडे सारखीच आहे.

आणि जमलं तर टाटाच्या बाहेर फुटपाथवर बाहेरगावचे पेशंट आणि नातेवाईक राहतात त्यांच्यासाठी आता तू डबा ने. मैत्रिणीला बरोबर घे, कोणाचा धर्म कुठला ते तिथे कोणी विचारत नाही, भाजी तिखट आहे का ते विचारतात.

सिग्नलला पैसे मागणाऱ्या मुलांना द्यावं का? मत्तय ५:४२ म्हणतं जो मागतो त्याला दे. मिस्टर म्हणतात टोळी असते. (अंधेरी)

दोघांचं थोडं थोडं बरोबर. मुलांच्या हातात रोख पैसे टाकून ती शाळेऐवजी सिग्नलवरच राहावीत असं मलाही नको वाटतं, खायला द्या, नाव विचारा, काही गडबड दिसली, मारलेलं दिसलं, तर १०९८ ला फोन करा, तो मुलांसाठीचाच नंबर आहे. म्हाताऱ्या माणसाला मात्र द्या आणि विसरून जा, त्यानं पुढे विडी ओढली तर ओढली. मिस्टरांना एवढंच विचारा, टोळीला जायला नको म्हणून वाचवलेले पैसे वर्षअखेरीला कुठे दिले.

मी म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. रविवारी ड्युटी लागते, देवळात जायला मिळत नाही, संडेस्कूल शिकवणं पण सुटलं. आमच्याकडे एकजण सारखं बोलून दाखवतात की शिष्यत्व म्हणजे देवाला पहिला वेळ. नाइट करून सकाळी आले की बायबल उघडते आणि दोन ओळीत झोप लागते. खूप अपराधी वाटतं.

येशूनं शब्बाथाला सभास्थानात अठरा वर्षं कुबड असलेल्या बाईला सरळ उभं केलं, तेव्हा तिथला अधिकारी असंच चिडून म्हणाला होता, कामाचे सहा दिवस आहेत तेव्हा या की बरे व्हायला. लूक १३. येशूनं त्याला सगळ्यांसमोर ढोंगी म्हटलं. ते बोलून दाखवणारे गृहस्थ उद्या रविवारी छातीत दुखून तुझ्या वॉर्डात आले तर नर्स देवळात गेलीय हे ऐकायला त्यांना आवडेल का, विचार त्यांना. आठवड्यातल्या संध्याकाळच्या प्रार्थनासभेला जमेल तेव्हा जा, पाळकांना सांगून ठेव, ते प्रभुभोजन घरी द्यायला येतील, आजाऱ्यांना देतात तसंच.

आणि नाइटनंतर बायबल नको उघडूस. झोप. संदेष्टा एलिया झुडपाखाली मरण मागत बसला होता तेव्हा देवदूतानं त्याला भाकर आणि पाणी दिलं, परत झोपू दिलं, परत उठवून खायला दिलं, मग पुढचं सगळं, १ राजे १९. तूही काहीतरी खाऊन झोप, नुसत्या चहावर नको.

पुढच्या अंकात दशांशाबद्दलची, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याबद्दलची, पत्रं घेणार आहे, ग्रॉस पगारावर द्यायचा की हातात येतो त्यावर, यावरून काही घरांत चांगलीच जुंपलेली दिसते. नाव छापायचं नसेल तर पत्रात वरच लिहा, आणि कृपा करून व्हॉइस नोट पाठवू नका, मला लिहून घ्यावी लागते.